वाढत्या अंगाचा ड्रेस

तयार मखर विकत आणणाऱ्या बायांवर माझा जुना राग आहे. प्लास्टिकची फुलं, चमकीचा पडदा, वर बॅटरीची माळ. सण झाला की सगळं माळ्यावर, आणि पुढल्या वर्षी पुन्हा नवीन. अंजनगाव सुर्जीच्या एका मुलींच्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत कार्यानुभव शिकवला. रद्दी, सुतळी, फुटक्या बांगड्या आणि कणकेची खळ, एवढ्यावर मी गॅदरिंगचा अख्खा स्टेज उभा करायची. पोरी माझ्या पाठीमागे मला ‘रद्दीवाल्या बाई’ म्हणायच्या, आणि मला त्याचा अभिमान होता. तेव्हा दसऱ्याला मी भावाकडे गेले आणि फाटकातच माझी भाची रागिणी म्हणाली, “आत्या, तुले भुलाबाईचा मखर बनवता येते का?” तर मला खरं म्हणजे आनंद व्हायला हवा होता. पण झाला नाही. त्या घरात मखर करायची ती तिची मोठी बहीण, खुशी. आणि खुशीला जाऊन त्याच दिवशी वर्ष झालं होतं.

माझा भाऊ ओमप्रकाश. अमरावतीहून चांदूर रेल्वेकडे निघालं की रस्त्याला लागून त्याचं शेत आहे. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. आमचं माळ्याचं घर. लोकांचा सण तो आमचा कामाचा दिवस. दसऱ्याला अर्ध्या अमरावतीच्या दारांना तोरणं लागतात, त्यातली कितीतरी आमच्या ओसरीत ओवलेली असतात, आणि आमच्या दाराला लागतात ती बाजारातून परत आलेली, चेमटलेली फुलं. गेल्या वर्षी दसऱ्याच्या त्याच धामधुमीत खुशीला ताप होता. गोळी दिली की उतरायचा, परत चढायचा. तरी पोरगी भिंतीला टेकून तोरणं ओवत बसली होती. दसऱ्याच्या सकाळी ती उठलीच नाही, म्हणजे उठवली तर डोळे उघडेना. दवाखान्यात डेंग्यू निघाला. संध्याकाळी सोनं वाटायच्या वेळेला ती गेली. तेरा वर्षांची होती.

रागिणी तिच्या पाठची. आता दहाची.

मी पिशवी खाली ठेवली आणि रागिणीकडे नीट पाहिलं. सुट्टीच्या दिवशी अंगात शाळेचा ड्रेस. त्याची कॉलर विरलेली, बाह्या कोपराच्या वर सरकलेल्या.

“घरात काहून घातला शाळेचा ड्रेस?”

“बाकीचे आखूड झाले, आत्या.”

हे मला समजायला हवं होतं. दोन बहिणींच्या घरात धाकटीला कपडे घ्यावे लागत नाहीत. मोठीचे उतरतात, धाकटीला चढतात. खुशीचे सगळे कपडे तिच्या आईने, म्हणजे वर्षालीने, लोखंडी पेटीत घालून कुलूप लावलं होतं. पेटी उघडत नव्हती, आणि नवीन घ्यायचं कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. ओमप्रकाश एकदा म्हणाला होता, पोरीले दोन फ्रॉक आणू का. वर्षालीने उत्तर दिलं नाही. मग तोही गप्प बसला. माझा भाऊ वाईट नाही, पण समोरचं माणूस गप्प बसलं की त्याला आपलं बोलणं संपल्यासारखं वाटतं.

त्या दिवशी खुशीच्या वर्षश्राद्धाचं जेवण झालं. नातलग आले, जेवले, गेले. फुलं पहाटेच बाजारात गेली होती. झाडावर आलेली फुलं दुःख पाहून थांबत नाहीत, त्यात ओमप्रकाशला दोष देण्यासारखं काही नाही. वर्षाली दिवसभर राबली. वाढलं, घासलं, सारवलं. फक्त रागिणी जवळ आली की ती काहीतरी उचलायला दुसरीकडे जायची. मी तीन-चार वेळा पाहिलं आणि मला संताप आला.

दुसऱ्या दिवशी रागिणीने मला गोठ्यामागे नेऊन तिचा बेत सांगितला. आमच्याकडे दसऱ्यापासून कोजागिरीपर्यंत पोरी भुलाबाई बसवतात. मातीची भुलाबाई, मातीचा भुलोजी. संध्याकाळी पोरी घरोघरी जाऊन गाणी म्हणतात, आणि त्या त्या घरची खिरापत डब्यात झाकून ठेवलेली असते, ती ओळखायची. कोजागिरीला दोघांना ज्वारीच्या कणसासकट पाच धांड्यांच्या मखरात बसवतात. खुशीचा मखर पाहायला पलीकडच्या वस्तीतल्या पोरी यायच्या.

“मले ताईसारखा मखर पायजे. अगदी सेम.”

“काहून पण? साधा कर ना.”

“सेम असला तं आई बाहीर येईन पाहाले. मंग अंधार पडला का आश्विनी करतात ना.” तिने चपलेने माती उकरली. “यंदा आईनं मले ओवाळलं पायजे.”

आश्विनी म्हणजे कोजागिरीच्या संध्याकाळचं ओवाळणं. आई घरातल्या मोठ्या लेकराला पाटावर बसवते, ओवाळते, नवा कपडा देते. मोठ्यालाच. धाकटी पोरं त्या दिवशी तोंड पाडून बसतात, हे घरोघरचं आहे. खुशी मात्र रागिणीला पाटाच्या कडेवर जागा द्यायची. ती मधे ऐसपैस, ही एका कुल्ल्यावर कशीबशी, आणि निरांजनाचा फेरा दोघींवरून जायचा. मी दरवर्षी चिडवायची, “काय गं, फुकटात ओवाळून घेतलं का?” आणि रागिणी म्हणायची, “हो!”

“शाळेत मॅडमनं सगळ्याइले विचारलं होतं, या वर्षी काय काय करायचं ठरवलं,” रागिणी म्हणाली. “कोणी सायकल म्हणे, कोणी इंग्लिश म्हणे. मी काई नाई सांगितलं. मी बोलली का सगळे माह्याकडे पाहून राहतात.”

मी म्हणाले, चल, धांडे शोधू.

धांडे मिळाले नाहीत. आजूबाजूला सगळीकडे सोयाबीन, कपाशी, तूर. ज्वारी कोणी पेरतच नाही. पाखरं खातात, डुकरं लोळतात, म्हणतात. ओमप्रकाशने दोघांना फोन केले. कौंडण्यपूरकडे एकाच्या वावरात ज्वारी आहे असं कळलं, पण तेवढ्यासाठी तिकडे कोण जाणार. रागिणीचा चेहरा उतरला. मग मी माझी विद्या काढली. जुनी वर्तमानपत्रं विणकामाच्या सुईवर तिरपी गुंडाळून लांब नळ्या केल्या, एकीत एक खुपसून खळीने चिकटवल्या. त्याला हिरवा रंग, जागोजागी सुतळीची गाठ म्हणजे पेर. पानं जुन्या वह्यांच्या कव्हरांची. कणसासाठी भिजवलेली खरी ज्वारी खळीत घोळून टोकाला थापली. सुकल्यावर रागिणी लांब जाऊन उभी राहिली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, “लांबून तं धांडाच दिसते.” मला शाळा सुटल्यापासून एवढी शाबासकी कुणी दिली नव्हती.

सगळं घरातलंच घ्यायचं, विकत काही आणायचं नाही, हा खुशीचा नियम होता म्हणे. मागच्या बाजूला जुन्या साडीचा काठ. खाली पुठ्ठ्याच्या पायऱ्या, त्यावर फुटक्या बांगड्यांची नक्षी. वर झेंडूच्या पाकळ्यांची झालर, कारण पाकळ्या आमच्याकडे घमेल्याने पडून असतात. वर्षाली ओसरीतून ये-जा करत होती. एकदाही तिने मान वळवली नाही. रागिणी प्रत्येक वेळी हातातलं काम थांबवायची, आई दिसेनाशी झाली की परत सुरू करायची.

त्या दुपारी मी स्वयंपाकघरात गेले आणि बोलले. मला गोड बोलता येत नाही. नोकरीतही माझ्याबद्दल हीच तक्रार होती.

“वर्षाली, एक गेली. एक आहे. जी आहे तिच्याकडे पाह्य जरा.”

ती भाकरी थापत होती. थापतच राहिली.

“ती पोरगी तुझ्यासाठी मखर करून राहिली. कोजागिरीला तिला ओवाळ. आता तीच मोठी.”

भाकरी परातीतच मोडली. वर्षालीने पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवले.

“मीच म्हटलं होतं खुशीले,” ती म्हणाली. “एवढे दोन तोरणं झाले का झोप. तिनं ओवले, बाई. दोन्हीबी ओवले. एकाची गाठबी बसली नव्हती नीट. ते तोरण मी बाजारात धाडलं.”

“डेंग्यूनं गेली ती. तोरणानं नाही.”

“ते मले डॉक्टरनंबी सांगितलं.” तिने बोटांचं पीठ खरवडलं. “रागिणीले पाटावर बसवलं तं ती मोठी होते. मंग खुशी कोण होती? तुमीच सांगा. कालपर्यंत मोठी कोण होती?”

मी पण हट्टी. मी अमरावतीहून येताना रागिणीसाठी कापड आणलं होतं, पिवळं, त्यावर तांबड्या बारीक बुट्ट्या. ते मी पिशवीतून काढून तिच्या पुढ्यात ठेवलं. “आश्विनीचा ड्रेस शिव तिला. कापड ऐसपैस आहे, पुरून उरेल.” तिने हात न लावता कापडाकडे पाहिलं. मी बाहेर आले. एखाद्या आईला असं बोलायचं असतं का, असं मला वाटलं, आणि बोलले ते बरं झालं, असंही वाटलं.

कोजागिरीच्या दोन दिवस आधी आम्ही ओसरीत पायऱ्यांना बांगड्या चिकटवत होतो, आणि आतून शिलाई मशीनचा आवाज आला.

रागिणीच्या हातातली बांगडी खळीतच राहिली. “आत्या. मशीन.”

“ऐकलं मी.”

“आईची मशीन!”

वर्षभर त्या मशीनवर चादर होती. लग्नात आणलेली, पायाची. वर्षाली शेजारपाजारच्या बायांचे ब्लाउज त्यावर शिवायची, खुशीचे सगळे कपडे तिनेच शिवले. आता ती खडखड चालत होती, थांबत होती, परत चालत होती. शेतातून आलेला ओमप्रकाश अंगणातच थांबला. त्याने डोक्यावरचं फडकं काढलं आणि तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं.

रागिणीला मग धीर निघेना. ती उगाच पाणी प्यायला आत जायची, दारात दोन्ही हात पसरून उभी राहायची, जणू आळस देतेय. तिचं म्हणणं, आईला माप घ्यायचं असेल तर सोपं पडावं. मी हसून बेजार झाले. वर्षाली काही माप घेत नव्हती. मी म्हटलं, “अगं, शिवणारी आई नजरेनं माप घेते. तुझी मान केवढी, हात केवढे, हे तिला झोपेतही ठाऊक आहे.” हे मी अगदी खात्रीने सांगितलं.

मखराच्या पताकांसाठी रागिणीने आईकडे कातरण मागितलं. वर्षालीने दारातून मूठभर दिलं. बोटभर रुंदीच्या पट्ट्या, बाकी काही नाही. एवढ्या कापडातून एवढंच उरलं, हे मला जरा नवल वाटलं. पण घेर मोठा ठेवला असेल, असं म्हणून मी तो विचार सोडून दिला.

कोजागिरीच्या संध्याकाळी अंगणात मखर उभा राहिला. पाच धांडे वर एकत्र बांधले, खाली पसरवले, आत भुलाबाई आणि भुलोजी बसवले. मी खुशीचा मखर दर वर्षी पाहिला आहे, म्हणून सांगते, हुबेहूब झाला होता. एवढा हुबेहूब की ओमप्रकाशला तिथे उभं राहवेना. तो दूध आटवायला परसात गेला. पोरी अजून यायच्या होत्या. रागिणीने स्वतःच पाट आणला, मखरापुढे ठेवला, भोवती रांगोळीची बोटं ओढली. केस तिने तेल लावून स्वतःच विंचरले होते, भांग वाकडा. मग ती पाटावर बसली आणि आतल्या दाराकडे पाहत राहिली.

वर्षाली आली. हातात ताट, ताटात निरांजन, कुंकू, सुपारी, अक्षता, आणि पिवळा ड्रेस घडी करून. मखरापाशी ती थबकली. तिने तो वरून खालपर्यंत पाहिला, धांड्याच्या एका गाठीवर बोट फिरवलं. मग वर्षाली पाटासमोर गुडघ्यावर बसली, आणि तेव्हा मला दिसलं की रागिणी कुठे बसली आहे. ती कडेवर बसली होती. एका कुल्ल्यावर, कशीबशी. सगळा पाट मोकळा होता.

वर्षालीनेही ताट उचललं ते मधल्या मोकळ्या जागेसमोर. पहिला फेरा तिथूनच सुरू झाला.

माझा पारा चढला. आवाज नको तेवढा मोठा निघाला. “रागिणी! मधे सरक की गं!”

पोरीने माझ्याकडे पाहिलं. तिला माझा राग कळलाच नाही.

“मी मधात बसली तं ताई कुठं बसन?”

ताट हवेतच थांबलं. परसात दुधात फिरणारा झाराही थांबला. वर्षालीने ताट खाली ठेवलं, अगदी हळू, आणि रागिणीचा दंड धरला. त्या पोरीला तिने वर्षभरात पहिल्यांदा धरलेलं मी पाहिलं. तिने तिला ओढून पाटाच्या मध्यावर बसवलं.

“ताई नाई येत आता,” ती म्हणाली. “ताई गेली. तू बस इथी.”

हे वाक्य त्या घरात वर्षालीच्या तोंडून त्याआधी निघालं नव्हतं. दवाखान्यातही नाही, वर्षश्राद्धालाही नाही.

“मले मालूम हाय, आई,” रागिणी म्हणाली.

मग वर्षालीने तिला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या, सुपारीने ओवाळलं, निरांजनाने ओवाळलं. ती रडत होती आणि हात चालत होता. मी इतके दिवस हेच मागत होते, आणि आता ते समोर होत होतं तर मला ते पाहवत नव्हतं.

तिने ड्रेस उचलून रागिणीच्या हातात दिला. रागिणी तिथेच शाळेच्या ड्रेसवरून तो घालू लागली. नव्या कपड्याची तिला एवढी घाई. आयुष्यातला तिचा पहिला कोरा कपडा. डोकं आत गेलं, बराच वेळ बाहेर येईना, मग आलं. खांदे कोपराकडे उतरले. बाह्यांतून बोटंसुद्धा दिसेनात. घेर पायाच्या घोट्यांवर पडून पाटावर पसरला.

तेव्हा मला ती कातरणाची मूठ आठवली. कापड सगळं लागलं होतं. हा खुशीचा ड्रेस होता. तोही गेल्या वर्षीच्या खुशीचा नव्हे. चौदा वर्षांची झालेली खुशी, उंची थोडी वाढलेली, खांदे थोडे भरलेले, तिचा. शिवणारी आई नजरेनं माप घेते हे माझं म्हणणं खरंच होतं. तिच्या नजरेपुढे कोण होतं ते मी धरलं नव्हतं.

वर्षालीलाही ते तेव्हाच कळलं. मला वाटतं शिवताना तिला खरंच ठाऊक नव्हतं. ती ड्रेसकडे बघत राहिली, तिचा चेहरा कसा झाला ते मी लिहीत नाही.

“दे इकडं,” ती कशीबशी म्हणाली. “उसवतो मी. परत कापून देतो तुह्या मापाचा.”

रागिणीने दोन्ही मुठींत घेर घट्ट धरला.

“नको. कापू नको.”

“अवं लय मोठा झाला माय तो.”

“वाढत्या अंगाचा हाय,” रागिणी म्हणाली. आपल्याकडे पोरांना ढगळ कपडा घेताना दुकानात सगळ्या आया म्हणतात तेच, तसंच. “राहू दे. होईन ना मी तेवढी.”

फाटकाशी पोरी आल्या होत्या. टाळ्या, खिदळणं, आणि मग अंगणातला प्रकार पाहून एकदम शांतता. वर्षालीने त्यांना थांबा अशी खूण केली. ती आत जाऊन सुईदोरा घेऊन आली, रागिणीला पाटावर उभं केलं आणि स्वतः खाली बसली. खांद्याला दुमड घातली, बाह्यांना घातली, मग घेराला एकावर एक दुमडी घालत गेली. प्रत्येक दुमडीला ती पोरीच्या अंगाला हात लावून पाहायची. रागिणी अजिबात हलत नव्हती.

मी जवळ जाऊन पाहिलं. सवय आहे मला शिवण तपासायची. पक्की तुरपाई नव्हती. नुसता कच्चा धावदोरा, टोक ओढलं की निघणारा. म्हणजे दर कोजागिरीला एक दुमड सोडायची आणि ड्रेस पुरवायचा. शेवटची दुमड सोडतील त्या वर्षी रागिणी तिच्या ताईपेक्षा मोठी झालेली असेल.

वर्षालीनेही हा हिशेब केला असावा. त्या शेवटच्या दुमडीवर तिची सुई खूप वेळ थांबली. मग तिने टाका घातला, दोरा दातांनी तोडला आणि रागिणीच्या पाठीवर हात ठेवला.

“जाय,” ती म्हणाली. “पोरी वाट पाहून राहिल्या.”